वाईच्या फुलवाल्या आजी: पुड्या, खाडे आणि उधारीची वही

सोपट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आषाढात माझी आजी गेली. आईची आई. वाईला ढोल्या गणपतीच्या वाटेवर तिचं फुलांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार फळ्या, वर पत्रा, पुढे ओलं गोणपाट आणि त्यावर मांडलेली फुलं. वाईकरांपैकी अनेकांनी तिच्याकडून कधी ना कधी दुर्वा घेतल्या असतील, म्हणून इथे लिहितेय.

ती गेल्यावर गावातल्या ग्रुपांवर 'प्रेमळ, मायाळू, सदा हसतमुख' असे निरोप फिरले. मामाने ते घरात वाचून दाखवले तर मामी म्हणाली, "हे कुणाबद्दल लिहिलंय?" आणि सुतकातलं घर खो खो हसलं. आजी हसतमुख नव्हती. तोंडाने फटकळ होती आणि पैशाला पक्की होती. देवाच्या नावाने भाव पाडून मागणाऱ्याला तर ती उभंही करायची नाही. "देवाला फुकट पायजे तर देवालाच पाठव," हे तिचं वाक्य अर्ध्या गावाने ऐकलेलं आहे. तेव्हा गुळचट आठवणी नकोत, खऱ्या लिहा. मी सुरुवात करते.

तिचं वय कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. कोयनेचा भूकंप झाला (डिसेंबर १९६७) तेव्हा पदरात तीन पोरं होती आणि धाकटी, म्हणजे माझी आई, पाळण्यात होती, एवढा एकच हिशेब. त्यानंतर काही वर्षांतच आजोबा गेले. शेत नावापुरतं, त्यात दोन वाफे झेंडू आणि बांधावर कण्हेर. ती फुलं पाटीत घालून घाटावर बसायला लागली, तिथून पुढे सगळं.

लोकांना वाटतं फुलवाले सणावर जगतात. आजीचं घर सणावर चाललं नाही, पुड्यांवर चाललं. नव्या लोकांसाठी सांगते: रोजच्या पूजेची फुलं पानात बांधून, वर दोरा गुंडाळून दाराच्या कडीला अडकवायची, ती फुलपुडी. सकाळी घरातलं माणूस दार उघडायच्या आत ती लागलेली असायची. पैसे महिन्याच्या महिन्याला. आजीकडे गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही इथली घरं होती. ती पहाटे चारच्या आत उठायची. मोठा मामा आणि आई शाळेआधी एकेक आळी वाटून घ्यायचे. पुढे आम्ही नातवंडं सुट्टीत गेलो की आम्हालाही जुंपायची.

सगळ्या पुड्या सारख्या असतात असं मला वाटायचं. एकदा मी घाईत दोन घरांच्या पुड्या उलट्या अडकवल्या आणि दोन्ही घरांची माणसं नऊ वाजता दुकानावर हजर. एका घरात शाळिग्राम होता, त्यांना तुळस जास्त. दुसऱ्या घरात पिंडी, त्यांना बेल आणि पांढरी फुलं, तगर नाहीतर कण्हेर. कुणाचा गणपती, त्यांना दुर्वांची जुडी आणि जास्वंद. जास्वंद कायम कळी द्यायची, कारण उमललेली दुपारपर्यंतच टिकते. शनिवारी मारुतीवाल्यांना रुईची माळ. एका म्हाताऱ्या बाईंच्या पुडीत रोज एक सोनचाफा वेगळा असायचा, तो देवासाठी नव्हता, त्यांना स्वतःला वास घ्यायला लागायचा. त्याचे पैसे आजी वेगळे लावायची. तो कधी चुकला नाही आणि कधी फुकटही गेला नाही.

पुडी पळसाच्या पानात. पळस नसला तर कर्दळ नाहीतर केळ. बांधायला केळीचं सोपट, भिजवून चिरलेलं. मधल्या काळात सगळे कॅरीबॅगवर गेले, ही गेली नाही. पर्यावरण वगैरे तिच्या गावी नव्हतं. "पिशवीत फुलाला घाम येतो, दुपारपातुर काळं पडतंय," एवढंच कारण. २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा शेजारचे दुकानदार पानं कुठे मिळतात ते विचारायला तिच्याकडे आले. तिने त्यांना पानं विकली.

आणि वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, आडवी. आजीला अक्षरं जेमतेम यायची, पण आकडे पक्के. घरांची नावं नव्हती, खुणा होत्या: एक त्रिशूळ, एक तुळशीचं पान, 'जिना', 'कुत्रं', 'दोन दारं'. प्रत्येक खुणेपुढे महिन्याच्या रेघा आणि खाडे. पुडी गेली नाही तो दिवस खाडा, त्याचे पैसे वजा. घरात सुतक आलं की पूजा बंद, म्हणजे पुडी बंद. सोयर आलं तरी तेच. गावाला गेले तर खाडे. वही चाळली की कोणत्या घरात कधी माणूस गेलं, कधी बाळ झालं, कोण वरचेवर गावाला जातं, सगळं कळतं. ती वही आता माझ्याकडे आहे आणि मी ती लावायचा प्रयत्न करतेय. म्हणून हा धागा. तुमच्या घराची खूण तुम्हाला माहीत असेल तर सांगा.

---

घाटावरचा

सोपट, आमची खूण 'जिना' असणार. आमच्या वाड्यात पुडी खाली अडकवायची नाही असा आमच्या आजोबांचा हट्ट होता, कारण खालच्या बिऱ्हाडाची पोरं त्यातली जास्वंद पळवायची. तुमचे मामा रोज वर चढून यायचे. आजींनी त्याचे महिन्याला जास्तीचे पैसे लावले होते. आजोबा म्हणाले, "चढायचे पैसे?" तर म्हणाल्या, "तुमी उतरा, मग नगं." आजोबा उतरले नाहीत. पैसे शेवटपर्यंत दिले.

सुतकाचं लिहिलंत ते अगदी खरं. माझी आत्या मुंबईला वारली, रात्री ट्रंककॉल आला. सकाळी आम्ही कळवायच्या आतच दारावर पुडी नव्हती. आजींना आमच्या आधी पोस्टातून कळलं होतं की काय, कोण जाणे. तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी पुडी परत सुरू. विचारायला आल्या नाहीत, सांगायलाही नाही.

---

पसरणीचा_घाट

मी गुळचट लिहिणार नाही, काळजी नको. गणेशोत्सवात आजींचे भाव ऐकून डोळे पांढरे व्हायचे. एरवी मूठभर मिळणाऱ्या दुर्वांची एकवीसची जुडी त्या दहा दिवसांत काय भावाने जायची! केवड्याचं पान तर तोडून विकायच्या. माझ्या वडिलांनी एकदा सुनावलं, "हा धर्माचा धंदा आहे." त्यावर उत्तर आलं, "धर्म तुमचा, धंदा माझा."

त्या वेळी राग आला होता. आज वाटतं, इतकं स्पष्ट बोलणारं माणूस बाजारात सापडत नाही.

---

सोपट

@पसरणीचा_घाट, अगदी बरोबर, त्या दिवसांत भाव चढे असायचे. फक्त एक बाजू सांगते. दुर्वा कोणी पिकवत नाही. पावसात बांधाबांधाने वाकून एकेक कोवळं त्रिदळ खुडावं लागतं. ते काम करणाऱ्या बायका गणपतीत आजीकडे दुप्पट मजुरी मागायच्या आणि ती देत असे. त्यांच्याशी घासाघीस केलेली मी पाहिली नाही. गिऱ्हाइकाशी केलेली रोज पाहिली.

केवड्याचं मात्र मान्य. त्यात तिने चांगलेच कमावले.

---

शास्त्रार्थ

एक शंका. गणपतीला तुळस वाहत नाहीत. शंकराला केवडा चालत नाही. आजींच्या पुडीत गणपतीच्या घरी तुळस असायची असं आमच्या घरातले सांगतात. हे कसं?

---

सोपट

पुडीत तुळस असायची कारण देव्हाऱ्यात एकटा गणपती कुणाच्याच नसतो. बाळकृष्ण असतो, शाळिग्राम असतो. कोणतं फूल कुणाला वाहायचं ते यजमानाने बघावं, असं तिचं मत. "मी फुलं देते. मंतर तुमचं तुमी म्हना."

भाद्रपद चतुर्थीच्या पत्रीत मात्र तुळस असते, एकवीस पत्रींत ती मोजतात. आजी ती पत्री पाठ म्हणायची, पोथी न बघता: मधुमालती, माका, बेल, पांढऱ्या दुर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई... पुढची मला आता आठवत नाहीत. हरतालिकेच्या आदल्या दिवशी नातवंडांना रानात पाठवून आणवायची आणि ज्याने डोरलीऐवजी भलतंच काटेरी काही आणलं त्याला तेवढं परत जावं लागायचं.

बेलाबद्दल तिचा एक व्यवहारी नियम होता. बेल आणि तुळस शिळी होत नाहीत असं शास्त्र मानतं, त्यामुळे श्रावणी सोमवारचा उरलेला बेल ती पाणी मारून ठेवायची आणि मंगळवारी निम्म्या भावात द्यायची. फुलाच्या बाबतीत असं कधी नाही. उरलेली फुलं संध्याकाळी शेणखताच्या खड्ड्यात. शिळं फूल ताज्यात मिसळणाऱ्या दुकानदाराबद्दल ती जे बोलायची ते इथे लिहिता येणार नाही.

---

बागायतदार_खंडाळा

मी खंडाळा तालुक्यातला. झेंडू आणि शेवंती करतो. वाईत माल आणला की पहिला थांबा आजींचा. आमच्या धंद्यात एक लबाडी चालते, खोटं कशाला बोलू. काट्यावर चढवण्याआधी मालावर पाणी मारायचं. वजन वाढतं. शेवंती तर पाणी धरून ठेवते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तसाच माल घेऊन गेलो होतो. आजींनी मूठभर शेवंती उचलली, झटकली, हाताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पानी मला किस्नामाईत फुकट मिळतंय. फुलं असली तर टाक." गोणी परत. दुसऱ्या दिवशी कोरडा माल नेला तर भाव न पाडता घेतला, आणि रोख.

रोखीचं सांगतो, कारण ज्यांनी मोठ्या बाजारात माल पाठवलाय त्यांनाच त्याची किंमत कळेल. तिकडे आडत (दलाली), हमाली, तोलाई जाऊन पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात येते तेव्हा कधी कधी गाडीभाडंही सुटत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू सोन्याच्या भावाने आणि दसऱ्याच्या दुपारी रस्त्याच्या कडेला ढीग टाकून शेतकरी घरी, हे तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. जूनअखेर जुलैत रोप लावायचं, दसऱ्याला तोडा साधायचा, आणि मधे एक पाऊस जास्त झाला की फूल सडतं. आजी दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी भाव ठरवायच्या. बाजार वर गेला तरी तोच, खाली आला तरी तोच. एका वर्षी बाजार पार कोसळला. मी स्वतःहून म्हणालो, कमी द्या. तर म्हणाल्या, "पुढच्या साली चढला तर तू जास्त मागशील व्हय?" मी गप्प बसलो.

आता प्लॅस्टिकच्या फुलांनी आमचं कंबरडं मोडलंय. मंडपवाले एकदा विकत घेतात आणि वर्षानुवर्षं धुऊन वापरतात.

---

सोपट

@बागायतदार_खंडाळा, दादा, तुम्ही कोण ते मी ओळखलं बहुतेक. तुमच्या गोणीवर निळा रंग असायचा. वहीत तुमची खूण 'निळं'.

खंडाळ्यावरून आठवलं. सावित्रीबाईंचं नायगाव त्याच तालुक्यातलं. ३ जानेवारीला तिथे हार जायचे, त्यातले काही आजीकडचे. एरवी पुढाऱ्यांच्या हाराला ती निशिगंध थोडा आणि झेंडू जास्त घालायची ("गळ्यात घालून लगीच काढत्यात, कशाला पायजे"). नायगावच्या हाराला मात्र निवडून शेवंती. महात्मा फुल्यांचं घराणं मूळ गोऱ्हे, सातारा जिल्ह्यातल्याच कटगुणचं. पेशव्यांकडे फुलं पुरवायचं काम मिळालं म्हणून फुले झाले. शाळेत मी हे शिकून आले आणि मोठ्या ऐटीत तिला सांगितलं. तिला आधीच ठाऊक होतं. "आपल्यातलंच की," म्हणाली आणि हारातलं एक फूल काढून दुसरं लावलं.

---

मेणवली_एक्सप्रेस

शूटिंगवाल्यांचा किस्सा कुणी सांगितला नाही अजून. वाईचे घाट पडद्यावर कधी उत्तर प्रदेश होतात, कधी बिहार. नदी तीच, कृष्णा. पडद्यावर गंगा म्हणतात आणि आपण हसत बघतो. एकदा एका सिनेमाच्या लोकांना सभेच्या दृश्यासाठी झेंडूच्या माळा पाहिजे होत्या, ढीगभर. त्यांचा माणूस आजींकडे आला, ऑर्डर दिली आणि पैसे 'पॅकअपनंतर' म्हणाला. त्याआधी एका पार्टीने आजींचे पैसे बुडवले होते. त्यांनी हात पुढे केला आणि बोटं हलवली, बस. तो माणूस एटीएम शोधत फिरला.

आजींनी पुढे तो सिनेमा बघितला का?

---

सोपट

बघितला. टीव्हीवर लागला तेव्हा. हीरो भाषण करत होता आणि आजी म्हणत होती, "सर की बाजूला, माळ दिसू दे." तिच्या माळा दोनेक सेकंद दिसल्या असतील. त्यावर शेरा: "लांब बांधायला सांगितल्या आनि आखूड टांगल्या."

---

परदेशी_जाई

वाचतेय आणि डोळे भरून येतायत, पण धागाकर्तीने मनाई केलीय म्हणून पुढे जाते. मी न्यू जर्सीत असते. इथे दक्षिण भारतीय दुकानांत मोगरा येतो, गोठवलेला किंवा विमानाने आलेला, आणि भाव विचारू नका. मागच्या वर्षी कुंडीतल्या मोगऱ्याला पहिल्यांदा भरपूर कळ्या आल्या. गजरा करायला बसले आणि प्रत्येक वेळी कळ्या निसटल्या नाहीतर देठ तुटले. शेवटी सुईने ओवला, तो संध्याकाळी काळा पडला. आजींची पद्धत माहीत असेल तर नीट सांगाल का?

---

सोपट

ताई, सांगते. मी तिच्याइतका सुरेख करत नाही, पण निसटत नाही.

कळ्या दुपारी घ्या, मिटलेल्या, पण पांढऱ्या झालेल्या. हिरवट कळी उमलत नाही. तशा कळ्या बांधल्या की संध्याकाळी गजरा डोक्यातच फुलतो. देठ थोडा लांब ठेवा. सोपट तिकडे मिळणार नाही, तर जाडसर सुती दोरा घ्या आणि भिजवा. कोरडा दोरा देठ कापतो, तुमचं तेच झालं असणार.

दोऱ्याचं टोक डाव्या हाताच्या अंगठ्याखाली. दोन कळ्या डावीकडे तोंड करून, दोन उजवीकडे, मधे देठ एकमेकांवर आडवे. ते देठ अंगठा आणि तर्जनीत धरायचे. दोरा देठांवरून एक वेढा, मग उजव्या हाताच्या दोन बोटांवर एक फास करून तो पलटी मारून देठांत घालायचा आणि ओढायचा. ओढ एवढीच की देठ दबला पाहिजे, चिरला नाही पाहिजे. आजी त्या वेळी बोटाकडे बघायची नाही, समोरच्या गिऱ्हाइकाकडे बघून बोलायची. तिच्या उजव्या तर्जनीला दोऱ्याची कायमची खाच पडलेली होती. पुढच्या चार कळ्या आधीच्या देठांना झाकतील अशा. जागा सोडली की गजरा टकला दिसतो (तिचाच शब्द).

सुईने ओवला की देठाला भोक पडतं, म्हणून काळा पडतो. हाराला सुई चालते, कारण हार तासाभराचा असतो. गजऱ्याला नाही.

मापाचं एक सांगते. तिच्याकडे गजरा हातावर विकायचा: बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत एक हात. ती स्वतः बुटकी. उंच बायका म्हणायच्या, आमच्या हाताने मोजा. "दुकान माझं, हात माझा."

---

उगाच_शंका

हे सगळं छान आहे, पण मला एक विचारायचंय. आजी स्वतः विधवा. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी गजरे आणि वेण्या केल्या. स्वतः माळायच्या का? त्या काळात आणि त्या आळीत?

---

सोपट

नाही माळायची. मी लहानपणी विचारलं होतं तर म्हणाली, "हलवाई पेढं खातो का?" विषय संपला. ते उत्तर पुरेसं नव्हतं हे मला कळत होतं, पण तिच्यापुढे पुढचा प्रश्न विचारायची कुणाची छाती नव्हती.

२०२२ साली मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. पेपरात आलं, मामाने वाचून दाखवलं. आजी ऐकत होती. म्हणाली, "ठराव कशाला लागतोय. धा रुपयं टाकायचं अन् माळायचा." मामी म्हणाली, "मग तुम्ही का नाही?" आजीने तिच्याकडे असं बघितलं की मामी चहा ठेवायला आत गेली.

---

मास्तरीण

@उगाच_शंका, याचं थोडं उत्तर माझ्याकडे आहे. मी वाईत शाळेत शिकवायचे. पती गेल्यानंतर पहिल्या वर्षी मी आजींच्या दुकानावरून जाताना रस्ता बदलायचे, कारण आधी रोज मोगरा घ्यायचे. एके दिवशी त्यांनी रस्त्यातच हाक मारली, "बाई, तुमचं खातं बंद करू का चालू ठेवू? वहीत जागा अडलीया." सगळ्या लोकांसमोर, भाजी घेतल्यासारखं. मी म्हटलं, चालू ठेवा. त्यांनी गजरा पानात बांधून दिला आणि पैसे मांडले. सहानुभूतीचा एक शब्द नाही. त्या वर्षी मला सहानुभूतीचा इतका वीट आला होता की त्या हिशेबाने मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत माळून गेले. बोलणारे बोलले.

माझी खूण बहुतेक 'छत्री' असेल. बारा महिने जवळ असायची.

---

सोपट

मास्तरीणबाई, 'छत्री' आहे. सापडली. हे मला अजिबात माहीत नव्हतं. तुमच्या पानावर सात महिने नुसते खाडेच आहेत, ओळीने, आणि तरी तिने ते पान दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही. बाकी जागेवर ती अशी रिकामी ओळ सोडत नसे. एका पानात तीन घरं कोंबायची.

---

घाटावरचा

कृष्णाबाईच्या उत्सवाबद्दलही कुणीतरी लिहा. बाहेरच्यांना माहीत नसेल: वाईच्या सात घाटांवर आळीआळीचे उत्सव पाळीपाळीने होतात, भीमकुंडापासून गंगापुरीपर्यंत. नदीलाच देवी मानून तिची मूर्ती मांडवात बसवतात. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळच्या नवसातून तो सुरू झाला अशी आख्यायिका आहे. त्या दिवसांत आजींची आणि आळीकरांची जी जुगलबंदी व्हायची! प्रत्येक आळीला आपली कृष्णाबाई शेजारच्या आळीपेक्षा सरस दिसायला हवी असायची, आणि आजी प्रत्येकाला सांगायच्या, "मागच्या आळीनं यापेक्षा मोठी वेणी नेली हुती." सातही आळ्यांना.

---

सोपट

हे खरं आहे आणि तिने मरेपर्यंत कबूल केलं नाही.

गणपतीच्या देवळाचंही लिहिते. १७६२ साली सरदार रास्त्यांनी बांधलेलं. मागची भिंत माशाच्या आकाराची, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. पूर आला की दुकान उचलून वर न्यायचं हे आमच्या घरचं ठरलेलं काम होतं, कारण चार फळ्यांना मत्स्याकार मागची बाजू नव्हती. वर धोम धरण झाल्यावर ते प्रसंग कमी झाले, पण पाणी सोडलं की आजी पायरीवर खूण करून ठेवायची आणि तासातासाला बघून यायची.

मांढरदेवच्या काळूबाईच्या जत्रेला, पौष पौर्णिमेला, ती पूर्वी हार घेऊन गडावर जायची. २५ जानेवारी २००५ ला चेंगराचेंगरी झाली त्या वर्षी गुडघ्यामुळे ती गेली नव्हती, धाकटा मामा गेला होता. तो मध्यरात्रीनंतर परत आला. त्या आठवड्यात दुकानातून जे हार गेले ते कुठे गेले ते लिहीत नाही. त्यानंतर आमच्या घरून गडावर कुणी माल नेला नाही.

---

पसरणीचा_घाट

लॉकडाऊनमध्ये कसं केलं त्यांनी? देवळं बंद होती तेव्हा.

---

सोपट

मार्च २०२० ला देवळं बंद झाली ती त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला, नोव्हेंबरात उघडली. मग पुन्हा बंद, ती २०२१ च्या घटस्थापनेला उघडली. लग्नं नाहीत, सत्कार नाहीत. वसंत व्याख्यानमालेचे गुच्छ आणि हार हे तिचं मे महिन्याचं ठरलेलं गिऱ्हाईक, तेही नाही. शेतकऱ्यांनी झेंडूत रोटाव्हेटर फिरवले.

पुड्यांनी तारलं. घरोघरी माणसं अडकलेली, पूजा जोरात. काही घरांनी तीसेक वर्षांपूर्वी पुडी बंद केली होती, त्यांनी फोन करून सुरू केली. आजीने आधी जुनी वही काढायला लावली. दोन घरांकडे जुनी बाकी निघाली. ती आधी भरून घेतली, मग पुडी. मामा शरमेने मेला. घरांनी दिली मात्र.

ज्यांच्या घरी आजारपण आलं त्यांची पुडी कडीवर न लावता फाटकाला लावायची, एवढा बदल केला. आणि त्या महिन्यांत वहीत खाडे फार आहेत. ती पानं मी अजून नीट वाचलेली नाहीत.

---

परदेशी_जाई

सोपट, गजरा जमला! भिजवलेला दोराच हवा होता. चार वीत झाला. फोटो टाकतेय. थोडा टकला आहे.

---

सोपट

ताई, मधे दोन ठिकाणी जागा सुटलीय. पण देठ एकही चिरलेला नाही. आजीने अर्ध्या भावात ठेवून घेतला असता.

---

बागायतदार_खंडाळा

ताई, एक कामाचं विचारतो. दसऱ्याला माझा झेंडू तयार होतोय, कलकत्ता जातीचा, पिवळा आणि केशरी दोन्ही. दुकान सुरू राहणार का? माल कुणाकडे टाकू? आणि भाव आत्ता ठरवायचा का बाजार बघून?

---

सोपट

दुकान सुरू आहे, दादा. धाकटा मामा आणि त्याची सून बसतात. पुड्या आता थोड्याच घरांना जातात, पण जातात. पितृपंधरवड्यात दुपारी बंद असतं, तेव्हा सकाळीच या.

भाव पंधरा दिवस आधी, पूर्वीसारखाच. मामाशी बोलले आहे. फक्त वजन दुकानातल्या काट्यावर होईल, टेम्पोत नाही, आणि माल कोरडा आणा. सून नवी असली तरी मूठभर उचलून झटकून बघते.